भांगेचें तूप आणि बांधावरचें झाड

महाशिवरात्र व होळी जवळ आली म्हणजे भांगेची आठवण पुष्कळांस होते; परंतु हल्लीं थंडाईच्या लोट्यापेक्षां भांगेच्या तुपाचीच चर्चा अधिक कानीं येते. कोणी तें सांधेदुखीवर घेऊं म्हणतो, कोणी झोंपेसाठीं, कोणी निव्वळ मौजेसाठीं. घरीं दुभतें आहे, चूल आहे, आणि बांधावर चार झाडें वाढविणें ही कांहीं मोठी विद्या नव्हे. मग तें घरच्या घरीं कां करूं नये, असा प्रश्न आमच्या शेतकरी बंधूंच्या मनांत येणें साहजिक आहे. आमचें उत्तर 'करूं नये' असेंच आहे. मात्र व्यसनाच्या नांवानें बोटें मोडणाऱ्या उपदेशकांच्या पंक्तीस बसून आम्ही तें देत नाहीं. आमची हरकत निराळी आहे. एक तुपाच्या मापाची, व दुसरी जमीनधारकावर येणाऱ्या जोखमीची.

कृति जुनीच आहे. आयुर्वेदांत भांगेस विजया म्हणतात, व ती औषधांत घालण्यापूर्वीं पाण्यानें धुवून गाईच्या तुपांत परतून घेण्याची रीत आहे. कलकत्त्याचे डॉक्टर ओशॉनेसी यांनीं १८३९ सालीं माजूम नांवाच्या मिठाईसाठीं हें तूप कसें करितात याचें वर्णन लिहून ठेविलें आहे. पानें व तितकेंच तूप कल्हईच्या किंवा मातीच्या भांड्यांत घालून त्यांत पाणी ओतावयाचें, कोळशाच्या विस्तवावर सारखें ढवळावयाचें, पाणी आटून तूप तडतडूं लागलें कीं उतरवून ऊन असतांनाच फडक्यांतून पिळावयाचें, आणि तें थिजलें म्हणजे धुण्याचें पाणी स्वच्छ निघेपर्यंत हातानें धुवावयाचें. या खटाटोपांत शास्त्र आहे, हें मान्य केलें पाहिजे. भांगेंतील कैफ आणणारें द्रव्य पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतें. म्हणून पाण्याबरोबर रंग व तुरटपणा कांहींसा निघून जातो आणि कैफ तुपांत राहतो. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल असें लांबलचक नांव असलेलें हें द्रव्य मेशूलाम व गाओनी या संशोधकांनीं १९६४ सालीं इस्राएलांत वेगळें काढून त्याची रचना ठरविली. झाडांत तें बहुतेक आम्लरूपानें असतें, व त्या रूपांत कैफ आणीत नाहीं. आंच लागली म्हणजेच तें पालटतें.

येथेंच घरच्या कृतीची मेख आहे. तूप किती कडक झालें, हें पान किती चढाचें होतें यावर अवलंबून, आणि पाणी आटल्यानंतर विस्तव किती वेळ राहिला यावरही अवलंबून. एकाच झाडाच्या खालच्या पानांत व शेंड्याजवळच्या पानांत अंतर असतें. मग दोन शेतांतल्या झाडांचें काय सांगावें? समजा, कोणीं पन्नास ग्रॅम वाळलें पान घेतलें व त्यांत शेंकडा एक या प्रमाणांत तें द्रव्य असलें, तर तें पांचशें मिलिग्रॅम झालें. कॅनडा देशांत हें सर्व कायदेशीर आहे, तरीही तेथें विकल्या जाणाऱ्या खाद्याच्या एका पुडींत दहा मिलिग्रॅमपेक्षां अधिक घालूं देत नाहींत. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांतल्या एका वाटींत अशा पन्नास पुड्यांचा ऐवज उतरूं शकतो. शेंकडा एकच्या ऐवजीं तीन निघाला तर दीडशें पुड्यांचा! डोळ्यांस, जिभेस किंवा नाकास यांतला फरक मुळींच कळत नाहीं.

त्यांतून तुपाचा कैफ चिलमीसारखा लगेच चढत नाहीं. अर्धा तास, एक तास, कधीं दोन तास कांहींच होत नाहीं. खाणारा म्हणतो, 'हें तर साधेंच दिसतें,' आणि आणखी एक चमचा घेतो. पोटांतून यकृतांत गेल्यावर त्या द्रव्याचें जें रूपांतर होतें तें अधिकच जोरकस असतें, व अंमल सहा-आठ तास किंवा त्याहूनही अधिक टिकतो. तेवढ्यांत रात्रपाळीच्या विजेवर मोटार सुरू करण्यासाठीं विहिरीवर जाण्याची वेळ येते. ट्रॅक्टर चालविणाऱ्याची गोष्ट तर बोलावयासच नको. शिवाय तूप हा घरांतला सर्वांत निरुपद्रवी पदार्थ. माजघरांतल्या फडताळांतली बरणी सून काढते आणि पाहुण्यांच्या पुरणपोळीवर वाढते. मुलें तेंच तूप भातावर घेतात. दारूच्या बाटलीस निदान वास तरी असतो. औषधाच्या नियमांत भांग ही आयुर्वेदीय विषारी द्रव्यांच्या यादींत घातली आहे, व तिच्या औषधाच्या बाटलीवर वैद्याच्या देखरेखीखालीं घेण्याची सूचना छापावी लागते. ती उगाच नव्हे.

आतां कायद्याकडे वळूं. १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यांत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे, अशी व्याख्या आहे. शेंड्यांवांचून असलेलीं पानें व बिया त्यांतून वगळल्या आहेत. यावरून 'पान मोकळें आहे' असा समज पसरला आहे, आणि उत्तर प्रदेश, राजस्थान या राज्यांत भांगेचीं परवान्याचीं दुकानें पाहून येणारे लोक तो पक्का करितात. पण आपल्याकडे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही लागू आहे, व त्यांत भांगेचें पानही मादक द्रव्यांत मोडतें. दुसरें असें कीं, पान मोकळें असलें तरी झाड मोकळें नाहीं. बिनपरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्या कलमांत एक झाड व एक एकर असा भेद केलेला नाहीं. तुपांत शेंडे पडले असतील तर तुपाचें वजनही आरोपीच्या डोक्यावर बसूं शकतें. कारण मिश्रणांतल्या निर्गुण पदार्थासकट सर्व वजन धरावें, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० सालचा निर्णय आहे.

आम्हांस हा कायदा सर्वस्वीं न्याय्य वाटतो असें नाहीं. तूर-कपाशींत चोरून पीक काढणारा व्यापारी आणि गुडघेदुखीसाठीं परसांत एक रोप लावणारा म्हातारा यांना एकाच दाव्यास बांधणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे. १८९३-९४ सालीं सरकारनें नेमलेल्या आयोगानें हजारांहून अधिक साक्षी घेऊन, संपूर्ण बंदी आवश्यक नाहीं व इष्टही नाहीं, असें मत दिलें होतें. त्या काळीं खुद्द नगर जिल्ह्यांत परवान्यानें गांजाचें पीक निघत असे. तेव्हां झाडांची संख्या पाहून शिक्षा ठरावी, ही मागणी विधिमंडळापुढें व संसदेपुढें मांडण्यास शेतकऱ्यांच्या संस्थांनीं मुळींच संकोचूं नये.

दुसरी मागणी बियांची. २०२१ च्या नोव्हेंबरांत अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणानें या झाडाचें बीं, त्याचें तेल व पीठ यांस खाद्य म्हणून मान्यता दिली. बियांच्या तेलांत कैफाचें द्रव्य किलोस दहा मिलिग्रॅमपेक्षां अधिक असूं नये, अशी मर्यादा आहे. अर्थात् तें खाऊन कोणास कैफ येत नाहीं. (विलायती शब्द 'हेंप' हा ताग, अंबाडी व भांग या तिहींस लाविला जातो. जाहिरात वाचून बियाणें मागविणारांनीं आधीं कोणतें तें विचारावें.) धागा व बीं यांसाठीं लागवडीची परवानगी देण्याची सोय १९८५ च्या कायद्यांतच आहे, आणि उत्तराखंडानें २०१८ पासून ती वापरली आहे. आपल्या राज्यानें ती वापरावी, व त्याआधीं कृषि विद्यापीठांनीं आपल्या हवेंत कमी कैफाचें वाण तसेंच टिकतें कीं चढतें, हें पाहून सांगावें.

तें होईपर्यंत बांधावर किंवा उकिरड्याकडेला हें झाड आपोआप उगवलें, अथवा वाटेकऱ्यानें लाविलेलें दिसलें, तर जमीनधारकानें गप्प बसूं नये. आपल्या जमिनींतील अशा लागवडीची वर्दी ताबडतोब देणें हें त्याच कायद्याच्या ४६ व्या कलमानें जमीनधारकाचें कर्तव्य ठरविलें आहे, व जाणूनबुजून टाळल्यास शिक्षा आहे. अर्ज पोलीस ठाण्यांत लेखी द्यावा, गट क्रमांक लिहावा, आणि पोंच घेतल्यावांचून परत येऊं नये.