सुझानाला शुद्धतेचा दाखला कशाला?

गेल्या महिन्यात एका शिबिरात मी एका चित्राची छापील प्रत दाखवली. दगडी बाकावर विवस्त्र स्त्री, कठड्यावरून तिच्यावर वाकलेले दोन पुरुष. एकाचे बोट ओठांवर. ती मान फिरवून, दोन्ही हात आडवे धरून त्यांना दूर लोटते आहे. मागून एक मावशी म्हणाल्या, “हिला ते नकोयत.”

रोमच्या आर्तेमिझिया जेंतिलेस्कीने हे तैलचित्र १६१० मध्ये, सोळा-सतरा वर्षांची असताना रंगवले. कथा बायबलमधली. बागेत आंघोळ करणाऱ्या सुझानाला दोन वृद्ध न्यायाधीश धमकावतात: ‘ऐक, नाहीतर परपुरुषाबरोबर पाहिले म्हणून सांगू.’ ती नकार देते. तिला मृत्युदंड होतो. पण दानिएल दोघांची वेगवेगळी उलटतपासणी घेऊन तिला वाचवतो.

आरंभीच्या ख्रिस्ती चित्रकलेत दोन लांडग्यांमधली मेंढी म्हणजे सुझाना, म्हणजेच छळ सोसणारी श्रद्धा. बंदिस्त बाग हे पावित्र्याचे प्रतीक, पाणी शुद्धीचे. बरोक काळातल्या अनेक चित्रकारांनी मात्र या प्रतीकांच्या आडोशाने शरीरच रंगवले आणि पाहणाऱ्याला त्या म्हाताऱ्यांच्या शेजारी उभे केले. आर्तेमिझियाने बाग काढून टाकली. उरला थंड दगड आणि नकार.

पुढच्याच वर्षी, १६११ मध्ये, आगोस्तिनो तास्सी या चित्रकाराने तिच्यावर बलात्कार केला. म्हणजे हे चित्र त्या घटनेची साक्ष नव्हे. १६१२ च्या खटल्यात सुईणींनी तिची तपासणी केली. खरे बोलते का हे पाहण्यासाठी बोटांना दोऱ्या आवळल्या. तास्सी दोषी ठरला, पण हद्दपारीची शिक्षा नावापुरतीच राहिली.

आपण तरी वेगळे काय केले? मथुरा खटल्यात १९७४ साली सत्र न्यायालयाने तिला ‘शरीरसंबंधांची सवय’ असल्याचे धरून आरोपी पोलिसांना सोडले. दोन बोटांची चाचणी करणे हे गैरवर्तन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले ते २०२२ मध्ये.

तक्रार घेऊन आलेल्या बाईकडून आपल्या संघटनाही नकळत सुझानाचीच अपेक्षा करतात, असे मला वाटते. ती पतिव्रता असेल, तर आपला आवाज चढतो. नसेल, तर आपण चाचरतो. शुद्ध होती म्हणून सुझाना वाचली, ही कथा आपण पुरे करू या. मावशींना चित्रात पावित्र्य दिसले नाही, आडवे धरलेले हात दिसले. तेवढे पुरेसे आहे.