मैदान एक, दावेदार दोन

फुटबॉल म्हटले की कोलकाता आणि गोवा आठवतात. पण २०१३ मध्ये स्थापन झालेल्या बंगळुरू एफसीने अशोकनगरच्या जुन्या फुटबॉल स्टेडियमवर खेळत पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली. त्यानंतर संघाने श्री कंठीरवा स्टेडियमवर बस्तान बसवले. २०१६ मध्ये तर हा संघ एएफसी चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. असा मान मिळवणारा तो पहिला भारतीय क्लब.

कंठीरवावर धावपट्टीही आहे. फुटबॉलमुळे सरावाला मैदान मिळत नाही, अशी तक्रार धावपटूंकडून झाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. म्हणणे दोघांचेही रास्तच. शहर वाढते, मैदाने वाढत नाहीत. मग खेळाडूच एकमेकांसमोर उभे ठाकतात. गावातले मोकळे मैदान वेळीच जपलेले बरे!