आजाराचं नंतर बघू म्हणणाऱ्यांना



बैठकीत दवाखान्याचा विषय निघाला की आपल्यातलेच काही जण म्हणतात, "आधी जमिनीचं बघू, आजाराचं नंतर." आम्हाला हे पटत नाय. आज ते तोंडावर सांगतो.

ज्याचा दावा आपण भरला तोच खोकत पडला तर प्लॉट कसणार कोण? औषधपाण्याला उचल घेतली जाते. ती फेडायला दिवाळीनंतर अख्खं घर भिवंडी-कल्याणच्या वीटभट्टीवर जातं. मागं प्लॉट पडीक राहतो. वनखात्याला हेच पाहिजे. कचेरीत हरायच्या आधी आपण खाटेवर हरतो.

गेल्या पावसात आम्ही पाड्यावरच्या एका बाईला झोळीत घालून दवाखान्यात नेली. तापानं फणफणली होती. तिथे डॉक्टर नव्हते. आम्ही चौघं होतो, चौघांना कोण विचारतो? पायरीवर बसून राहिलो. मोर्च्याला हजार माणूस जमवणारे आपण, त्या दिवशी चौघंच होतो.

साहेब लोक म्हणतात, आदिवासी अडाणी, त्यांना जागृती पाहिजे. जागृती आम्हालाही पाहिजे. आवणीच्या चिखलात उंदराचं मूत मिसळतं आणि पायाच्या जखमेतून लेप्टो शिरतो, हे प्रत्येक घराला कळलं पाहिजे. पण ताप आल्यावर न्यायला रस्ता नाय, तर नुसतं कळून काय उपयोग? पाणी उकळून प्या म्हणतात. भातसा, तानसा शहापूर तालुक्यात, पाणी जातं मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्या बाया डवऱ्यातलं पाणी वाटीवाटीनं भरतात. म्हणून माहिती आणि मागणी एकाच तोंडानं बोलली पाहिजे.

हे एका पाड्याचं काम नाय. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, पाच-सहा पाड्यांनी मिळून आरोग्य गट करावा. आशाताई, अंगणवाडीताई, सुईण यांना घ्यावं. भगतालाही घ्यावं. साप चावला की लोक आधी त्याच्याकडेच धावतात. मग त्यानेच सांगू दे, "आधी दवाखान्यात जा, इंजेक्शन घे." आपल्या शंभर भाषणांपेक्षा ते लवकर ऐकलं जाईल.

आणि हे आपण कुणाकडे भीक मागत नाय. सरकारी दवाखान्यावर लोकांनी देखरेख ठेवायची, जनसुनवाईत जाब विचारायचा, हे काम २००७ साली महाराष्ट्रात पहिल्या पाच जिल्ह्यांत सुरू झालं, त्यात आपला ठाणे जिल्हा होता. गावच्या आरोग्य समितीला वर्षाला १०,००० रुपये ठरलेले. तुमच्या गावात त्या समितीत कोण आहे? पैसे कशाला खर्च झाले? २००६ च्या कायद्याची वनहक्क समिती आपण ग्रामसभेत नावं पुकारून निवडली. मग आरोग्य समिती कपाटात का?

गट करणं सोपं, टिकवणं अवघड. आवणीत तो थंडावतो, दिवाळीनंतर माणसंच भट्टीवर जातात. म्हणून तीन गोष्टी पक्क्या करा.

एक, महिन्यातला एक बाजाराचा दिवस बैठकीचा ठरवा. दहा आले तरी बैठक होणार.

दोन, भट्टीवर निघालेल्या टीबीच्या माणसाची नोंद ठेवा. औषध कमीत कमी सहा महिन्यांचं, फुकट मिळतं. पण दोन महिन्यांत बरं वाटतं आणि गोळ्या सुटतात. मग आजार उलटतो आणि त्याच गोळ्या लागू पडेनाशा होतात. त्याचं कार्ड आणि तिकडच्या दवाखान्याला चिठ्ठी, दोन्ही हातात देऊनच त्याला गाडीत बसवा.

तीन, पै-पैचा हिशोब सगळ्यांसमोर वाचा. संशयानं गट जितके मोडलेत तितके पोलिसांनी नाय मोडले.

पुढच्या ग्रामसभेत दाव्यांची यादी वाचाल, तेव्हा त्याच दमात विचारा : आपल्या पाड्यात कोण आजारी आहे आणि त्याच्याबरोबर उद्या कोण जाणार? उत्तरात चार नावं नको, चाळीस पाहिजेत.

जिंदाबाद!