पाटीवरचे कैफी

चौकाला, रस्त्याला, बागेला आपल्या शायराचे नाव द्या, म्हणून अर्ज करण्यात आम्ही कधीच मागे नसतो. नाव लागले, हारतुरे झाले, फोटो छापून आला की आमचे काम संपते. आमचा राग आहे तो आमच्या याच सवयीवर.

मुंबईत जुहूला कैफी आझमी उद्यान आहे. कैफी त्याच परिसरात, जानकी कुटीरमध्ये राहत. तिथला इर्ला नाला म्हणजे लोकांनी पाठ फिरवलेली जागा. त्याचा काठ माणसांना पायी फिरण्याजोगा व्हावा म्हणून रहिवाशांनी आणि वास्तुविशारद पी. के. दास यांनी वर्षानुवर्षे खटपट केली. बाग पाटीने जगत नाही, ती आपली मानणाऱ्या माणसांनी जगते, हा त्यातला धडा.

मग शायर कशाने जगतो?

१९१९ साली आझमगढच्या मिजवानमध्ये जन्मलेले कैफी मुंबईत आले आणि मदनपुऱ्यातल्या कामगारांत वावरले. ‘मकान’मध्ये त्यांनी इमारती उभारून स्वतः बेघर राहणाऱ्या मजुरांचे दुःख मांडले. ‘औरत’मध्ये बाईला पुरुषाच्या बरोबरीने लढ्यात बोलावले. १९७३ मध्ये पक्षाघाताने अर्धे अंग लुळे पडले, तरी पुढे ते मिजवानच्या रस्त्यासाठी, मुलींच्या शिक्षणासाठी झटत राहिले.

आता आमच्या मोहल्ल्यातल्या बागेत संध्याकाळी जाऊन पाहा. बाकांवर कोण बसलेले असते? पुरुष आणि पोरे. आमच्या बहिणी लेकराला झोपाळ्यावर बसवून कडेला उभ्या राहतात आणि मगरिबच्या आत घरी परततात. ‘औरत’ लिहिणाऱ्याच्या नावाला टाळ्या वाजवायच्या आणि घरातल्या औरतीला बाकावर जागा द्यायची नाही, याला सन्मान म्हणायचे का?

काहीजण म्हणतील, कैफी कम्युनिस्ट होते, त्यांचा दीनाशी काय संबंध? आम्ही विचारतो, मजुराला घर आणि मुलीला शाळा मागणे दीनाच्या विरोधात कधीपासून गेले?

दोष इतरांनाच देऊन आम्ही सुटणार नाही. आम्ही उर्दू शाळांचे शिक्षक. सहल निघाली की वॉटर पार्क ठरवतो. आमच्या मुलांना कैफींची सिनेमातली गाणी पाठ असतात. १९७५ मध्ये साहित्य अकादमी मिळालेल्या ‘आवारा सजदे’चे नाव मात्र त्यांनी ऐकलेले नसते. कारण वर्गात ते आम्हीच घेतलेले नसते. मराठीतून लिहिणाऱ्या आम्हा मुसलमानांनी कैफींना शेजारच्या मराठी वाचकाच्या घरी तरी किती नेले?

म्हणून नव्या पाटीसाठी अर्ज करण्याआधी एवढेच करू या. महिन्यातून एक संध्याकाळ, आपापल्या गावच्या बागेत, कैफी उर्दूत वाचायचे आणि मराठीत समजावून सांगायचे. पहिली नज्म मुलीने वाचायची. आणि बाकावर बसून वाचायची, कडेला उभी राहून नव्हे.