तान्ह्या पिलाची शुश्रूषा

भाद्रपदांत गल्लीबोळांतून कुत्र्यांचा जो धुमाकूळ चालतो, त्याचें फळ सुमारें नऊ आठवड्यांनीं, म्हणजे कार्तिकाच्या अखेरीस किंवा मार्गशीर्षांत, ऐन थंडींत दृष्टीस पडतें. कोणाच्या जिन्याखालीं, कोणाच्या परसांत लांकडांच्या ढिगाआड एखादी कुत्री विते, आणि घरांतील मुलें वडील माणसांची नजर चुकवून तिकडे फेऱ्या घालूं लागतात. पांचसहा पिलांत एखादें हटकून मरतुकडें असतें; मुलांचा जीव नेमका त्याच्यावरच जडतो. अशाच एका पिलासंबंधीं या वेळीं लिहावयाचें योजिलें आहे. गेल्या मार्गशीर्षांत तें आमच्या घरीं वाढलें. आणि त्याच्या आदल्या वर्षीं दुसरें एक आमच्याच हातून गेलें.

तें कसें गेलें, हें आधीं सांगितलें पाहिजे. पिलूं गारठून निपचित पडलें होतें. भुकेनें व्याकुळ झालें असेल असें समजून आम्हीं गाईचें दूध कोमट केलें, तान्ह्या मुलाला घेतात तसें त्याला मांडीवर उताणें घेतलें आणि बोंडल्यानें दूध तोंडांत घातलें. त्यानें दोन घोट गिळल्यासारखें केलें, मग नाकावाटे दूध आलें, आणि रात्रीं केव्हां तरी घरघर करीत तें निवालें. घरांतील लहान मुलांस आम्हीं सांगितलें कीं, तें मुळांतच अशक्त होतें. तें खरें होतें, पण अर्धेंच. आमच्या त्या एका कृतींत तीन चुका होत्या, हें पुढें एका पशुवैद्य बाईंनीं आम्हांस समजावून दिलें.

पहिली चूक गारठलेल्या जिवाला दूध पाजण्याची. कुत्र्याच्या पिलास पहिले सुमारें दोन आठवडे स्वतःच्या अंगाची ऊब राखतां येत नाहीं. पहिल्या आठवड्यांत तर त्याला थंडीनें कांपतांहि येत नाहीं. आईचें पोट आणि भावंडांची दाटी हीच त्याची शेगडी. या दिवसांत त्याच्या अंगाची उष्णता ९५ ते ९८ अंश फॅरनहाइट असावी. ती ९४ च्या खालीं उतरली, कीं आंतड्यांची हालचाल मंदावते, पाजलेलें दूध पोटांत तसेंच राहतें, आणि उलटून आलें तर श्वासनलिकेंत शिरतें. म्हणून आधीं ऊब, मग दूध. ही ऊबहि सावकाश, एक ते तीन तासांत यावी. विस्तवाशेजारीं ठेवून एकदम तापविल्यास अपायच होतो. आम्हीं रबरी पिशवींत गरम पाणी भरून, ती जाड टॉवेलांत गुंडाळून, टोपलीच्या एकाच अंगास ठेविली. ऊन फार वाटलें तर पिलास दुसरीकडे सरकतां यावें. पण खरें काम केलें तें आमच्या थोरल्या वहिनींनीं. पदराखालीं, छातीशीं धरून त्या दोन तास भाजी निवडीत बसल्या होत्या. पिलूं प्रथम वळवळलें तें तेथेंच.

दुसरी चूक उताणें धरण्याची. पिलास पालथेंच, पोटावर, मान किंचित् वर ठेवून पाजावें. तें आईपाशीं तसेंच लुचतें. पाजण्यापूर्वीं करंगळीचें टोंक त्याच्या तोंडांत देऊन पाहावें. तें ओढूं लागलें तर बरें. नच ओढलें तर तोंडांत बळेंच कांहींहि ओतूं नये, सरळ पशुवैद्याकडे न्यावें. टाळूला फट नाहीं ना, तेंहि याच वेळीं पाहून घ्यावें.

तिसरी चूक गाईच्या दुधाची. ही आमच्या आजींना कांहीं केल्या पटेना. परंतु कुत्रीच्या दुधांत प्रथिनें आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात आणि दुधांतील साखर कमी. त्यामुळें गाईच्या दुधानें पिलाचें पोषण तर होत नाहींच, उलट त्याला हगवण लागते. पिलांसाठीं निराळी दुधाची भुकटी मिळते, ती वापरावी. मात्र आईचा चीक मिळत असतां दुसरें कांहींहि नको. खरवसाच्या निमित्तानें चीक आपल्या ओळखीचा आहे; पिलाच्या दृष्टीनें तो रोगापासून संरक्षण आहे, आणि तें संरक्षण त्याचें आंतडें जन्मानंतर सुमारें २४ तासच शोषून घेऊं शकतें; पहिल्या १२ तासांत उत्तम. म्हणून अशक्त पिलूं आईपासून उचलून नेण्यापेक्षां, धटिंगण भावंडांना थोडा वेळ बाजूस सारून त्याला मागच्या सडांना लावावें. तेथें दूध अधिक असतें. हें काम जिच्या हातचें ती कुत्री खाते तिनेंच करावें, मुलांनीं करूं नये. बाळंतीण कुत्री ओळखीच्यालाहि चावते. चावा किंवा ओरखडा निघालाच, तर साबण लावून १५ मिनिटें वाहत्या पाण्याखालीं धुवावा व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जाऊन लस टोंचून घ्यावी.

आमचें पिलूं जन्मतः १७५ ग्रॅम भरलें. भावंडें ३०० च्या घरांत होतीं. दर शंभर ग्रॅम वजनास एका वेळीं सुमारें चार मिलिलिटर इतकेंच दूध पोटांत मावतें, तेव्हां आमच्या वांट्याला सात मिलिलिटर आले. तेहि दर दोन-तीन तासांनीं, रात्रींसुद्धां. येथेंच एकत्र कुटुंबाचा उपयोग! पाळ्या लागल्या. पाजल्यावर कोमट पाण्यांत बुडविलेल्या कापसानें पोटाखालचा व शेपटीखालचा भाग हळूहळू पुसावा लागतो; एरवीं आई चाटते, आणि त्यावांचून पहिले दोन-तीन आठवडे पिलास लघवी किंवा शौच होत नाहीं.

टोपली ओसरीच्या आंत येतां कामा नये, असा आजींचा दंडक होता. पुतण्यानें त्यांना सरमेची आठवण दिली. महाभारताच्या आरंभींच जनमेजयाच्या भावांनीं देवांच्या कुत्रीच्या निरपराध पोराला मारलें आणि तिचा शाप ओढवून घेतला, ही गोष्ट त्याला आजींनींच सांगितलेली! त्या कांहीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या रात्रीं दोन वाजतां आमची पाळी म्हणून उठलों, तों आजी टोपलीशीं बसून पिशवींतलें पाणी बदलीत होत्या. “निवलें होतें,” म्हणाल्या, “आंघोळ काय, सकाळीं करायचीच आहे.”

खरी कसोटी तराजूची. रोज एकाच वेळीं वजन करून मांडून ठेवावें. पहिल्या दिवशीं तें किंचित् उतरलें तरी चालतें. पुढें मात्र रोज शेंकडा ५ ते १० वाढ हवी. आमच्या वहींत दुसऱ्या दिवशीं १६८, तिसऱ्या दिवशीं तेवढेंच, असें लिहिलें आहे, आणि त्या रात्रीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. चौथ्या दिवशीं १७६. वजन थांबलें, पिलूं भावंडांपासून वेगळें पडून सारखें रडूं लागलें, हगवण लागली किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर घरगुती उपाय पुरेत; पशुवैद्य गांठावा. दोन आठवड्यांनीं त्यांच्याच सल्ल्यानें जंताचें औषध द्यावें, कारण जंत आईकडूनच येतात. इतकें करूनहि कांहीं पिलें जातात. कित्येकांच्या शरीरांत आंतूनच व्यंग असतें, तेथें कोणाचा इलाज चालत नाहीं.

आमच्या पिलानें बाराव्या दिवशीं एक डोळा उघडला, दुसरा तेराव्या दिवशीं. पंधराव्या दिवशीं तें ३५५ ग्रॅम भरलें. आतां तें वर्षाचें होत आलें आहे. भावंडांहून बोटभर ठेंगणेंच राहिलें, आणि ओसरीच्या आंत येत नाहीं. त्याची टोपली मात्र आजींनीं धुऊन माळ्यावर ठेवून दिली आहे; लांकडांच्या ढिगाआड या कार्तिकांतहि कोणी तरी विणारच, असें त्यांचें म्हणणें.