रिंगण मोडले ते कोणी?

दिवाळी सरली की ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी, वडसा या झाडीपट्टी म्हटल्या जाणाऱ्या धानाच्या टापूत गावोगावी मंडया भरू लागतात. मंडईबरोबर नाटक येते आणि नाटकाबरोबर नाचाविषयीची एक तक्रारही येते. दंडारीत, म्हणजे इथल्या जुन्या लोकनाट्यात, आयुष्य घालवलेले जुने लोक म्हणतात, पोरांनी विदेशी नाच उचलला आणि दंडार बुडाली. जे १९८५ ते ९५च्या काळात तरुण होते आणि गणपतीत, शारदोत्सवात ब्रेक डान्स करून गाव गाजवत होते, ते म्हणतात, खरा ब्रेक डान्स आमच्या वेळचा. आता उरल्या आहेत मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या उड्या. दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवतात, पण दोघांचे गृहीतक एकच आहे. पिढी पुढे सरकली की नाच पातळ होतो, असे दोघांनाही वाटते. मला हे गृहीतक चुकीचे वाटते. ब्रेक डान्सचा इतिहास नीट पाहिला तर आज झाडीपट्टीतल्या गावात मोबाइल समोर ठेवून सिमेंटच्या ओट्यावर पाठीवर गिरकी घेऊ पाहणारा मुलगा आपल्या काकापेक्षा या नाचाच्या मुळाच्या अधिक जवळ आहे. त्याच्यापाशी एक गोष्ट मात्र नाही, ती म्हणजे रिंगण. आणि ते त्याने मोडलेले नाही.

हा नाच न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांना पैसे जमावेत म्हणून नाचाचा कार्यक्रम ठेवला आणि तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क, उभा राहिला. हे घराणे जमैकाहून आलेले. हर्कने एक गोष्ट हेरली होती. गाण्यात गायन थांबून नुसता ताल उरतो, त्या तुकड्याला लोक जीव तोडून नाचतात. त्या तुकड्याला म्हणतात ब्रेक. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून वाजवत त्याने तो काही सेकंदांचा तुकडा लांबवला. त्या तालावर गर्दीने केलेल्या मोकळ्या जागेत जे उतरायचे ते बी-बॉय. म्हणजे हाडे मोडण्याशी या नावाचा संबंध नाही; नाव तालातून आले. आणि नाचाची जागा होती माणसांनी वेढलेले रिंगण, ज्याला त्या मंडळींनी सायफर म्हटले. पिढ्यांविषयीचे रडगाणे याच वस्तीत पाच वर्षांच्या आत सुरू झाले, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. १९७७-७८पर्यंत पहिल्या फळीतल्या बहुतेक कृष्णवर्णीय तरुणांनी हा नाच जुना झाला म्हणून सोडून दिला होता. तो उचलला पोर्टो रिकोहून आलेल्या कुटुंबांतल्या धाकट्या पोरांनी. पहिल्यांचा भर उभ्याने टाकलेल्या पावलांवर होता. या पोरांनी तो जमिनीवर नेला. आज आपण पोस्टरवर पाहतो ती पाठीवरची चक्री, विंडमिल, ही त्या दुसऱ्या पिढीची. तिचे श्रेय क्रेझी लेग्ज या नर्तकाला दिले जाते. म्हणजे जुन्यांनी जिला बिघाड म्हटले असते, तीच पुढे या नाचाची ओळख ठरली.

आपल्याकडे मात्र हा नाच रिंगणातून आला नाही, पडद्यावरून आला. १९८३-८४च्या सुमारास ‘फ्लॅशडान्स’, ‘बीट स्ट्रीट’, ‘ब्रेकिन’ या अमेरिकी चित्रपटांनी त्याला जगभर नेले. मायकेल जॅक्सनने १९८३मध्येच दूरचित्रवाणीवर मूनवॉक केला. १९८५च्या ‘मेरी जंग’मध्ये जावेद जाफरी नाचला, १९८६च्या ‘इल्जाम’मध्ये गोविंदा, आणि १९९४मध्ये प्रभुदेवाने ‘मुकाबला’ गाण्यात असे काही केले की महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात त्याची नक्कल झाली नसेल असे होणार नाही. या सगळ्याला आपण एकच नाव दिले: ब्रेक डान्स. वास्तविक यंत्रमानवासारखे झटके, अंगातून जाणारी लाट, मागे सरकणारी पावले हा वेगळा वंश आहे. तो अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाचा, कॅलिफोर्नियातला. लॉकिंग ही डॉन कॅम्पबेलची, १९७०च्या आसपासची. पॉपिंग फ्रेस्नोच्या बूगलू सॅमचे आणि १९७७मध्ये उभ्या राहिलेल्या त्याच्या गटाचे. ब्राँक्सचा जमिनीवरचा नाच आपल्याकडच्या त्या पिढीपर्यंत जवळजवळ पोहोचलाच नाही. यात त्या पिढीचा दोष नाही. भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर एक गाणे पुन्हा पुन्हा मागे घेऊन जे दिसले ते त्यांनी अंगात उतरवले, आणि ती मेहनत खरीच होती. पण ‘खरा ब्रेक डान्स आमचा’ हे म्हणणे टिकत नाही. त्यांचा नाच सुंदर होता, पण तो दुसराच नाच होता.

याहून मोठा फरक जागेचा होता. गणपतीच्या मंडपात असो, नाटकाच्या दोन अंकांमध्ये असो, रेकॉर्ड डान्स म्हणून जे आले ते समोर तोंड करून, ठरलेल्या गाण्यावर, पाठ केलेल्या हालचालींचे. प्रेक्षक एका बाजूला, नाचणारा दुसऱ्या. उत्तर देणारा कोणी नाही. झाडीपट्टीच्या नाटकांवर जाणत्यांनी वारंवार घेतलेला आक्षेप हाच आहे, की कथेशी संबंध नसलेली लावणी आणि नाच मधेच घुसडले जातात. तो आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्याचे खापर ब्रेक डान्सवर फोडणे म्हणजे पाहुण्याला जिथे बसवले तिथे तो बसला म्हणून त्यालाच बोल लावणे होय. नंतर २००९पासून ‘डान्स इंडिया डान्स’सारख्या कार्यक्रमांनी परीक्षकांची खुर्ची घराघरात आणली. त्या वाटेने मोठे यशही आले: २०१९मध्ये मुंबईच्या किंग्ज युनायटेडने आणि २०२०मध्ये व्ही. अनबीटेबलने अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी स्पर्धा जिंकल्या. साध्या वस्त्यांतून आलेल्या मुलांचे ते कर्तृत्व डोळ्यांत पाणी आणणारे आहे. पण तोही रंगमंचच, समोरून पाहण्याचा.

आता दंडारीकडे. विदेशी नाचाने दंडार मारली, या आरोपाला काळाचा हिशेब लावला की तो कोसळतो. दंडार ही झाडीपट्टीच्या रंगभूमीची आई मानली जाते. पुरुषांनीच स्त्रीसोंगे घ्यायची, ढोलकी-टाळाच्या साथीने रातभर गावात नाचायचे-गायचे. या आईच्या ओट्यावर तिचेच लेकरू, म्हणजे नाटक, बसले ते ब्रेक डान्सचे नावही ऐकू येण्याच्या कितीतरी आधी. झाडीपट्टीच्या नाटकाची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे. गावातल्याच माणसांनी करायचे नाटक पुढे वडशाच्या मंडळ्यांनी करायचे झाले, कलावंत बाहेरून येऊ लागले, मंडईचा खर्च तिकिटावर निघू लागला. यातून डॉ. परशुराम खुणे यांच्यासारखा कलावंत घडला, २०२३मध्ये पद्मश्रीपर्यंत पोहोचला, आणि त्याचा अभिमान या भागाला वाटणे रास्त आहे. पण त्याच वाटेने गावकरी नाचणाऱ्याचा प्रेक्षक झाला. दंडार थकली ती या बदलाने. घरचा मुलगा दंडारीत उभा राहिला की त्याला शिकवणारा शेजारीच असे. ती शिकवण्याची साखळी तुटली, आणि तिच्या जागी आधी चित्रपट आणि मग मोबाइल आला. रिकाम्या जागेवर येऊन बसलेल्याला जागा रिकामी केल्याचा आरोपी ठरवता येत नाही.

आता माझ्या म्हणण्याचा गाभा. ब्रेक डान्सचे मूळ रूप झाडीपट्टीला कधीच परके नव्हते, कारण त्याचे मर्म आपण आपल्या शब्दात जाणतो. तो शब्द आहे दुय्यम. मंडईत दुय्यम खडी गंमत होते तेव्हा दोन शाहीर आपापला संच घेऊन आमनेसामने उभे राहतात, एक कलगीचा, एक तुऱ्याचा. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब द्यायचा. अडला तर हजार डोळ्यांसमोर अडला. वाद शक्ती थोर की शिव, पण लोक पाहतात ती हजरजबाबी. ब्राँक्समधले बॅटल याहून वेगळे काय आहे? एकाने रिंगणात उतरून अंगाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच तालावर जवाब द्यायचा. दुसऱ्याची हालचाल जशीच्या तशी उचलणे याला तिथे चोरी समजतात, तिला वेगळे नावच आहे. आपल्या शाहिरांमध्येही परक्याचे कवन आपले म्हणून गाणाऱ्याला काय मान मिळतो ते सांगायला नको. बॅटलमध्ये नर्तकाला कोणते गाणे लागणार हे आधी माहीत नसते. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्येही ही रीत पाळली गेली: ९ आणि १० ऑगस्ट २०२४ला प्लास द ला काँकॉर्दवर डीजे लावील त्या तालावर उतरायचे, आणि नऊ परीक्षकांनी तंत्र, भांडार, सफाई, नवेपणा आणि तालाची जाण अशा पाच बाजू सारख्या वजनाने तोलायच्या. पाठ केलेला रेकॉर्ड डान्स तिथे पहिल्या फेरीत आपटेल. दुय्यमाचा शाहीर मात्र त्या मैदानात जाऊन उभा राहिला तर त्याला खेळ लगेच कळेल.

यावर आजच्या पिढीविषयीचा आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. मोबाइलच्या पडद्यावर पन्नास वेळा पडून एकदा जमलेली चक्री तेवढी दिसते. चुकण्याची लाज नाही, समोरचा नाही, जवाब नाही. हे खरे आहे, आणि नाचाला ते घातकही आहे. पण त्याच मोबाइलने दुसरेही काम केले आहे. टॉपरॉक म्हणजे उभ्याची पावले, मग जमिनीवरचे पायकाम, मग पॉवर मूव्ह, शेवटी फ्रीझ, हा क्रम, ही नावे, कोणी काय शोधले याचा इतिहास, हे सगळे आज खेड्यातल्या मुलाला प्रथमच मिळाले आहे. त्याच्या काकाला फक्त नायक दिसत होता. याला परंपरा दिसते. १९९०मध्ये जर्मनीच्या हॅनोव्हरमध्ये सुरू झालेल्या ‘बॅटल ऑफ द इयर’मध्ये २००२ साली कोरियाचा संघ जिंकला. त्या देशातही हा नाच बाहेरूनच आला होता आणि तिथल्या बहुतेक मुलांनी तो ध्वनिचित्रफिती पाहून शिकायला घेतला. फरक इतकाच की ती मुले चित्रफीत बंद करून एकमेकांसमोर उभी राहिली. त्याच कोरियाचा हाँग टेन २००६, २०१३ आणि २०२३ असा तीनदा रेड बुल बीसी वन या बॅटल स्पर्धेचा जगज्जेता झाला. शेवटच्या वेळी तो चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. ‘हा पोरखेळ आहे, विशीनंतर संपतो’ म्हणणाऱ्यांना हे एक नाव पुरे.

ऑलिंपिकविषयीही एक खोटी गोष्ट प्रचलित आहे. ऑस्ट्रेलियाच्या रेगन या नर्तकीला पॅरिसमध्ये एकही गुण मिळाला नाही, जगभर थट्टा झाली, म्हणून २०२८च्या लॉस एंजेलिसमधून ब्रेकिंग, म्हणजे हाच नाच, वगळले, असे लोक सांगतात. घटनाक्रम उलटा आहे. लॉस एंजेलिसच्या जादा खेळांची यादी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात ऑक्टोबर २०२३मध्येच मंजूर झाली. क्रिकेट आत आले ते तेव्हाच, आणि ब्रेकिंग त्या यादीत नव्हते. पॅरिसला अजून दहा महिने होते. ज्या जपानी मुलीने, आमी युआसाने, पॅरिसला सुवर्ण जिंकले, तिचा नाच बघायची तसदी थट्टा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी घेतली. खेळ झाल्याने नाच मेला, हेही पटत नाही. गुणपत्रिकेने नाच कोरडा होण्याचा धोका आहे, पण ज्या मुंबईत नोव्हेंबर २०१९मध्ये बीसी वनची जागतिक अंतिम फेरी झाली, तिथे आरिफ चौधरीसारखे नर्तक ऑलिंपिकचा विचारही नव्हता तेव्हापासून गल्लीत आणि रस्त्यावर घडत होते. मान्यता येते-जाते, रिंगण राहिले तर नाच राहतो.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: गडचिरोलीत रेला आहे, चंद्रपूरच्या डोंगरात ढेमसा आहे, दंडार आहे, मग परक्या नाचासाठी शब्द कशाला खर्च करायचे? खर्च करायचे, कारण या नाचांचीही जागा तीच आहे. रेला गोटुल या सामूहिक घराच्या अंगणात हातात हात घालून फेर धरतो. तिथे बघ्या आणि नाचणारा अशी फाळणी नाही. जो मुलगा ब्रेकिंगसाठी रिंगणात उभा राहायला शिकेल त्याला रेल्याचे रिंगण कळेल. जो रंगमंचासमोर खुर्चीत बसायला शिकेल त्याला ना हे कळेल ना ते. मुलींचाही प्रश्न यात आहे. मंडईतल्या डान्स हंगाम्यात बाई नाचते ती पुरुषांनी पाहण्यासाठी. दुय्यमाच्या रिंगणात ती सवाल टाकते. पॅरिसमध्ये पहिला दिवस मुलींचा होता, आणि या नाचाचे ऑलिंपिकमधले पहिले सुवर्ण एका मुलीचे आहे.

म्हणून मागणी मोठी नाही. नाटकाचा पडदा रात्री उशिरा उघडतो. तोवर मंडईच्या मैदानात गर्दी नुसती फिरत असते. त्या तासाभरात रंगमंचाखाली, मातीवर ताडपत्री आणि वर एक जुनी सतरंजी अंथरून नाचाचे दुय्यम लावावे. गाणे नाचणाऱ्याने निवडायचे नाही. तबकडी नसली तरी अडत नाही, ढोलकी आहे. खडी गंमतीचा ढोलकीवाला ताल कुठे तोडायचा आणि कुठे धरून ठेवायचा हे चांगले जाणतो, आणि तो लांबवलेला तुकडा म्हणजेच ब्रेक. परीक्षक म्हणून दंडारीतल्या जुन्या माणसांना बसवावे. मोबाइलवर शिकलेला मुलगा आणि दंडारीत वाढलेला म्हातारा एकाच तालाकडे कान देऊन बसले, तर दोघांपैकी कोणाला काय ऐकू आले यावरून त्या रात्री भांडण होईल. तेच व्हायला हवे.