मुक्या सोबत्याचा परदेशप्रवास

परदेशी स्थायिक होण्याचा बेत पक्का झाला की व्यापारी घरात कामांची यादी आपोआप तयार होते. व्हिसा, मुलांचे शाळाप्रवेश, पेढीची व्यवस्था, बँकेची खाती, घराची निरवानिरव. प्रत्येक कामामागे एकेक जबाबदार माणूस नेमला जातो. घरातील कुत्र्याचे किंवा मांजराचे नाव मात्र त्या यादीत बहुधा सर्वांत शेवटी येते, आणि तेही तिकिटे निघाल्यावर. ‘त्याचे काय करायचे?’ हा प्रश्न जेव्हा विचारला जातो, तेव्हा उत्तर देण्याइतका अवधी हाती उरलेला नसतो. मग नाइलाजाने कुणा नातेवाइकाचे, शेजाऱ्याचे किंवा पांजरापोळाचे दार ठोठावले जाते. हा प्रसंग टाळता येतो. त्यासाठी पैशापेक्षा आधी काळाचा हिशेब मांडावा लागतो.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त मुंबईहून बेल्जियममधील अँटवर्प येथे जातात, म्हणून तेच उदाहरण घेऊ. बेल्जियम युरोपीय संघात आहे आणि रेबीजच्या दृष्टीने संघाने ज्या देशांना सवलत दिली आहे, त्यांत भारत नाही. त्यामुळे येथून जाणाऱ्या कुत्र्या-मांजरांसाठी पायऱ्यांचा क्रम ठरलेला आहे. प्रथम आयएसओ मानकाची, पंधरा अंकी क्रमांकाची मायक्रोचिप कातडीखाली बसवावी लागते. त्यानंतर, किंवा त्याच दिवशी पण चिप बसल्यावर, रेबीजची लस. त्या वेळी जनावराचे वय किमान १२ आठवडे हवे. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासावे लागते. रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण प्रति मिलिलिटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक भरले पाहिजे. आणि रक्त घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने पूर्ण झाल्याखेरीज प्रवेश मिळत नाही.

आता हिशेब करून पाहा. १ जानेवारीला चिप व लस, १ फेब्रुवारीला रक्त, तर प्रवेश लवकरात लवकर १ मे रोजी. म्हणजे चार महिने, आणि तेही सर्व काही बिनचूक पार पडल्यास. व्हिसा जादा शुल्क भरून लवकर मिळू शकतो, तिकीट ऐनवेळी काढता येते. हे तीन महिने मात्र कोणत्याही दराने विकत मिळत नाहीत. रक्त घेतले त्या वेळी रोगाचा संसर्ग अंगात दबा धरून बसलेला नव्हता ना, याची खात्री पटावी, यासाठीच ही मुदत आहे.

क्रमाची चूक सर्वांत महाग पडते. अनेक घरांत लस दरवर्षी नियमाने दिली जाते, परंतु चिप नसते. चिप बसण्यापूर्वी दिलेली लस युरोपच्या दृष्टीने दिलीच गेलेली नाही, कारण ती याच जनावराला दिली याचा पुरावा नाही. निर्यातीचा व्यवहार करणाऱ्या वाचकाला हे निराळे सांगायला नको. एलसीतील मजकूर आणि इनव्हॉइस यांत एका अंकाचा फरक निघाला तरी बँक कागद परत करते. माल कितीही उत्तम असो. येथेही चिपचा क्रमांक लसपुस्तिका, प्रयोगशाळेचा अहवाल आणि आरोग्य प्रमाणपत्र या तिन्हींवर अंकाला अंक जुळला पाहिजे.

एक सोय मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. युरोपीय संघासाठी ही रक्तचाचणी एकदा उत्तीर्ण झाली आणि पुढील प्रत्येक लस आधीच्या लसीची मुदत संपण्यापूर्वी दिली गेली, तर चाचणी पुन्हा करावी लागत नाही. लसीत एका दिवसाचा खंड पडला, तर सारे पहिल्यापासून. म्हणून ज्या घरातील मुलगा किंवा सून आज ना उद्या अँटवर्पला जाईल असे दिसते, त्यांनी चिप, लस आणि चाचणी आजच उरकून घ्यावी. बेत बदलला तरी फार काही वाया जात नाही. चिप आणि लस येथेही उपयोगी पडतेच.

दुसरा अडथळा आपल्या घरांच्या रीतीतून येतो. कर्ता पुरुष आधी जातो, जागा पाहतो, सहा महिन्यांनी कुटुंबाला नेतो आणि कुत्र्याला ‘नंतर मागवून घेऊ’ असे ठरते. युरोपीय नियमानुसार पाळीव जनावराचा प्रवास मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस मागे-पुढे झाला, तरच तो घरगुती मानला जातो. मालकाने लेखी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती त्याला नेऊ शकते, पण पाच दिवसांची अट तेव्हाही राहतेच. ती मोडली की व्यापारी आयातीचे अधिक कडक नियम लागू होतात. यावर साधा उपाय असा की जनावराचे कागद प्रथमपासून घरातील त्या व्यक्तीच्या नावे करावेत, जी त्याची खरोखर देखभाल करते आणि त्याच्याबरोबर निघणार आहे.

निघण्याच्या सुमारास सरकारी कागद येतात. केंद्र सरकारच्या पशु संगरोध व प्रमाणन सेवेचे कार्यालय मुंबईत आहे. तेथे जनावराची तपासणी होऊन निर्यातीचे प्रमाणपत्र मिळते. युरोपच्या नमुन्यातील आरोग्य प्रमाणपत्रावर सरकारी पशुवैद्यकाची सही लागते आणि त्यानंतर दहा दिवसांच्या आत तेथे पोहोचावे लागते. इतर देशांचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून भारतासारख्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांसाठी किमान सहा महिने वय, चिप आणि ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश अशा अटी घातल्या आहेत. ब्रिटनमध्ये प्रवेशापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान कुत्र्याला फीतकृमीचे औषध द्यावे लागते. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट घेतच नाही. आधी तिसऱ्या, मान्य देशात वास्तव्य करावे लागते. म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर न विसंबता आपल्या देशाचा त्या वर्षीचा नियम पाहावा.

कागद पूर्ण झाले, तरी प्रवास त्या मुक्या जिवालाच करायचा असतो. पिंजरा असा हवा की त्यात त्याला ताठ उभे राहता यावे, वळता यावे, पाय पसरून झोपता यावे. तो प्रवासाच्या आदल्या दिवशी आणू नये. दीड-दोन महिने आधी घरात उघडा ठेवावा, आत त्याचे जुने पांघरूण घालावे, जेवण तेथेच द्यावे. म्हणजे विमानातील तासांत निदान तेवढी जागा तरी ओळखीची राहील. झोपेचे औषध देण्याचा मोह टाळावा. उंचावर त्याने श्वास आणि रक्तदाब यांवर परिणाम होऊ शकतो. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जातींना श्वसनाचा त्रास मुळातच असतो आणि कित्येक विमान कंपन्या त्यांना घेत नाहीत; तेव्हा तिकिटाआधी विचारावे.

आहाराचा प्रश्न आपल्या घरांत थोडा निराळा आहे. आपला कुत्रा दूधभात आणि तूप लावलेल्या पोळीवर वाढलेला असतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-तुपाचे पदार्थ सामानातून नेण्यास मनाई आहे, म्हणून त्याच्यासाठी डब्यातून काही नेऊ, हा विचार सोडावा. तेथे जे मिळणार आहे, ते येथेच आठ-दहा दिवसांत थोडे थोडे मिसळून सवयीचे करावे. मांजराच्या बाबतीत पशुवैद्यकाचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण टॉरिनसारखे घटक तिला आहारातूनच मिळावे लागतात.

हे सारे वाचून कुणाला वाटेल, इतका खटाटोप कशासाठी? १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत दंगल उसळली. पारश्यांबरोबर जैन आणि इतर समाजांचे लोकही त्यात उतरले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला. ज्यांना कुणी नाही, त्यांच्यासाठी ती जागा होती. ज्याला घर आहे, नाव आहे, त्याला तेथे सोडून विमान पकडणे हा तिचा उपयोग नव्हे. पाळलेले जनावर वाऱ्यावर सोडून देणे हा तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही ठरू शकतो.

तरीही प्रत्येक जनावराला न्यावेच, असे नाही. चौदा वर्षांचा, हृदयविकार असलेला कुत्रा विमानात बसवण्यापेक्षा त्याच घरात राहिलेला बरा. आजी-आजोबा मागे राहणार असतील आणि संध्याकाळी जिन्यावर त्यांच्या पावलांबरोबर तोच चढत असेल, तर तो कुणाचा सोबती आहे, हे आधी त्यांना विचारावे. न नेण्याचा निर्णयसुद्धा चार महिने आधी घेतला, तर नव्या माणसांची सवय होण्यास त्याला वेळ मिळतो. आदल्या रात्री घेतला, तर तो निर्णय राहत नाही.

तेव्हा प्रथम एवढेच करावे. पशुवैद्यकाकडे जाऊन चिप-वाचकावर उमटणारे पंधरा अंक स्वतः वाचावेत, लसपुस्तिकेतील अंकांशी जुळवावेत, आणि लसीची तारीख चिपच्या तारखेनंतरची आहे ना, ते पाहावे. चिपच नसेल, तर चार महिन्यांची मोजणी ती बसेल त्या दिवसापासून सुरू होईल.